उत्तरार्धाचें ऋण

दोन भागांच्या कथेचा पहिला भाग पाहून झाला कीं प्रेक्षक लेखकाच्या चातुर्याची वाहवा करतो, आणि दुसरा भाग पाहून झाला कीं "एवढेंच ना?" असें म्हणून उठतो. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे कीं, उत्तरार्ध हा पूर्वार्धापेक्षां फिका असावयाचाच, असा जणूं एक साहित्यशास्त्रीय सिद्धांतच होऊन बसला आहे. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांच्या बाबतींत तर तो दोन निरनिराळ्या पक्षांकडून दोन निरनिराळ्या सुरांत ऐकावयास मिळतो. पहिला पक्ष विद्वानांचा. उत्कंठा ही मुळींच हलक्या प्रतीची वृत्ति आहे, "पुढें काय झालें?" हा प्रश्न मुलांनीं आजीला विचारावयाचा, सुसंस्कृत माणसानें नव्हे, तेव्हां असल्या प्रश्नाचें उत्तर देणारा उत्तरार्ध बरा असला काय आणि वाईट असला काय, त्याची चिकित्सा करण्यांत अर्थ नाहीं, असें हा पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष हौशी मंडळींचा. ही सारी कल्पनेची सृष्टि. येथें वाटेल तें यंत्र निघूं शकतें, मेलेला उठूं शकतो. मग सुटका कशी झाली याचा हिशेब मागणें हाच अरसिकपणा, असें त्यांचें म्हणणें. वरवर पाहतां हे दोन पक्ष एकमेकांचे वैरी दिसतात. परंतु दोघांनाही उत्तरार्धाला जाब विचारावयाचा नाहीं. एकाला तो क्षुद्र वाटतो म्हणून, आणि दुसऱ्याला तो लाडका वाटतो म्हणून. या दोन्ही मतांचा प्रतिवाद करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम विद्वानांचा आक्षेप घेऊं. उत्कंठा ही हलकी वृत्ति असें म्हणणाऱ्यांनीं आपल्याच घरचे ग्रंथ पुन्हा एकदां चाळावे. भरताच्या नाट्यशास्त्रांत कथावस्तूचे पांच संधि सांगितले आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखसंधींत बीज पेरलें जातें. गर्भांत फल हातीं लागतें न लागतें असें होतें. विमर्शांत विघ्न येऊन मन साशंक होतें. आणि निर्वहणांत, इतस्ततः विखुरलेले सारे अर्थ एकत्र आणून एका फलाकडे नेले जातात. म्हणजे ज्या जागीं आजचा दूरचित्रवाणीकार "पुढील भाग पुढच्या आठवड्यांत" असें सांगून मोकळा होतो, ती जागा आमच्या शास्त्रकारांना अपरिचित नव्हती. आणि तिची किंमत शेवटीं निर्वहणावरूनच ठरते, हेंही त्यांना पुरतें ठाऊक होतें. ॲरिस्टॉटलनेंही कथानकाचे गांठ मारणें आणि गांठ सोडविणें असे दोन भाग पाडून, पुष्कळ कवि गांठ चांगली मारतात पण सोडवितांना फसतात, अशी तक्रार केली आहे. युरिपिडीजच्या 'मीडिया' नाटकांतील यंत्राच्या साह्यानें झालेली सुटका त्याला पसंत नव्हती. कथेचा उलगडा कथेंतूनच निघाला पाहिजे, असा त्याचा आग्रह. अर्थात् ज्या दोन संस्कृतींच्या नांवानें आमचे विद्वान शपथा घेतात, त्या दोहोंतही उत्तरार्धाची चिकित्सा ही पोरकट गोष्ट मानलेली नाहीं.

याहूनही बोलका पुरावा आपल्या भाषेंतील एका शब्दांतच दडलेला आहे. ज्या ग्रंथाच्या नांवावरून आपण 'कादंबरी' हा शब्द घेतला, त्या ग्रंथाचा उत्तरभाग बाणभट्टाचा नव्हेच. बाण वारला आणि कथा अर्धी राहिली. ती त्याच्या पुत्रानें पुरी केली. कां पुरी केली, याचें कारण त्यानें आरंभीं नमूद करून ठेवलें आहे : कथा अपुरी राहिल्यामुळें सज्जनांस झालेलें दुःख पाहून हें काम हातीं घेतलें, कवित्वाच्या गर्वानें नव्हे. "पुढें काय झालें?" हा प्रश्न केवळ अडाण्यांचा असता, तर त्या दुःखाला त्यानें सज्जनांचें दुःख म्हटलें नसतें. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून क्रमशः येत होती; यमूचें पुढें काय होणार याची वाट पाहणाऱ्या वाचकांस कोणी पोरकट म्हणणार नाहीं. माणसाच्या दैवाविषयीं वाटणारी आस्थाच तेथें उत्कंठेचें रूप घेऊन आली होती. जेथें ही आस्था नसते तेथें उत्कंठाही नसते. असते ती केवळ चाळवाचाळव.

आतां दुसरा पक्ष. कल्पनेच्या सृष्टींत वाटेल तें चालतें, हें विधान ऐकावयास उदार वाटलें तरी तें विज्ञानकथेच्या मुळावर येणारें आहे. वास्तववादी कथेंत लेखकाला नियम करावे लागत नाहींत. ते जगानें आधींच करून ठेवलेले असतात. पैसे संपतात, गाडी चुकते, मेलेला माणूस परत येत नाहीं. लेखक विसरला तरी वाचक हे नियम विसरत नाहीं. कल्पित सृष्टींत मात्र नियम घालून देणारा एकटा लेखक, आणि ते पाळले जातील अशी हमी देणाराही तोच. म्हणून तेथें त्याचें उत्तरदायित्व कमी होत नाहीं, तें दुपटीनें वाढतें. बुद्धिबळांतील घोडा अडीच घरेंच कां चालतो, याला सृष्टींत कांहीं कारण नाहीं. परंतु एकदां तो अडीच घरें चालावयाचा असें ठरल्यावर, राजा अडचणींत सांपडला म्हणून त्याला पांच घरें चालवूं लागलें तर तो डाव राहत नाहीं.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. पूर्वार्ध हें कर्ज आहे. लेखक प्रेक्षकाकडून त्याची भीति, त्याची आस्था आणि त्याचा वेळ उसना घेतो, आणि पडद्यावर 'क्रमशः' हीं अक्षरें उमटवून खत लिहून देतो. कर्ज काढण्यांत मोठें शहाणपण लागत नाहीं. सचोटीची परीक्षा होते ती फेडीच्या दिवशीं. या फेडीच्या अटी तीन. पहिली : ज्या क्षणावर पडदा पडला तो क्षण उत्तरार्धानें खरा मानला पाहिजे. दुसरी : सुटकेचें साधन पूर्वार्धांतच कोठेंतरी पेरलेलें असलें पाहिजे. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची : जें संकट खरें म्हणून दाखविलें, त्याची किंमत कोणाला तरी खरोखर मोजावी लागली पाहिजे.

या कसोटीला लावण्यासाठीं मी 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन मालेंतील 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स' ही कथा घेतों. तिचा पूर्वार्ध जून १९९० मध्यें, मालेच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस दाखविला गेला, आणि उत्तरार्ध सप्टेंबर १९९० मध्यें, चौथ्या वर्षाच्या आरंभीं. मध्यें सुमारें १४ आठवड्यांचें अंतर. लेखक मायकेल पिलर, दिग्दर्शक क्लिफ बोल. कथा अशी : बोर्ग नांवाचे, अर्धे मांसाचे व अर्धे यंत्राचे जीव एका प्रचंड घनाकृति यानांतून पृथ्वीवर चाल करून येत आहेत. त्यांना व्यक्ति म्हणून मन नाहीं. सर्वांचें मिळून एकच मन. 'मी' हा शब्द त्यांना ठाऊक नाहीं. ते 'एंटरप्राइझ' यानाचा कप्तान पिकार्ड याला पळवून नेतात, त्याच्या देहांत यंत्रें बसवितात आणि 'लोक्युटस' या नांवानें त्याला आपला मुखत्यार करतात. पिकार्डचा दुय्यम अधिकारी रायकर. त्याला स्वतंत्र यानाचें आधिपत्य पूर्वींही देऊं केलेलें होतें आणि आतांही येत आहे. पण तो पिकार्डच्या छायेंतून निघावयास तयार नाहीं. शेल्बी नांवाची महत्त्वाकांक्षी तरुण अधिकारी त्याच्या या भिडस्तपणाला उघड उघड टोंचते. शेवटीं शत्रूवर चालेल असें वाटणारें एकच अस्त्र हातांत उरतें, आणि समोरच्या पडद्यावर शत्रूच्या वतीनें बोलत असतो खुद्द पिकार्ड. रायकर अस्त्र सोडण्याचा हुकूम देतो, आणि पूर्वार्ध संपतो.

आतां उत्तरार्ध काय करतो तें पाहा. पहिल्याच क्षणीं अस्त्र सुटतें. ऐनवेळीं यंत्र बिघडलें, कोणी हात धरला, किंवा समोरचा पिकार्ड खोटा निघाला, अशी एकही पळवाट लेखकानें काढलेली नाहीं. हुकूम खरा, अस्त्र खरें. आणि तरीही तें निष्फळ होतें. कारण पिकार्डला जें जें ठाऊक होतें तें तें सारें आतां शत्रूला ठाऊक आहे. प्रेक्षकाला १४ आठवडे ज्या भीतीनें धरून ठेवलें, ती दूर न होतां अधिकच खोल गेली. गुरूवर अस्त्र सोडण्याचा निश्चय केला, आणि गुरूच्याच ज्ञानानें तें परतविलें! पहिली अट येथें अक्षरशः पाळली गेली आहे.

दुसऱ्या अटीचें उदाहरण तितकेंच स्वच्छ आहे. पूर्वार्धांत शेल्बीनें यानाचे दोन भाग वेगळे करून लढण्याची युक्ति सुचविलेली असते. रायकरला ती पसंत नसते, आणि ती रायकरला डावलून पिकार्डपुढें मांडते. त्या वेळीं हा प्रसंग केवळ दोघांमधील चुरस दाखविण्यासाठीं आहे असें वाटतें. उत्तरार्धांत रायकर नेमकी तीच युक्ति वापरतो, आणि पिकार्डला ती ठाऊक आहे, म्हणजे शत्रूलाही ठाऊक आहे, हें जाणूनच वापरतो. शत्रूचें लक्ष त्या बाजूस गुंतलें असतां वॉर्फ आणि डेटा हे लहान यानांतून शिरून लोक्युटसला उचलून आणतात. जें बीज चुरशीचें म्हणून पेरलें होतें त्याला शहाणपणाचें फळ आलें. निर्वहण म्हणतात तें याला.

येथें आक्षेपकांचें मुख्य शस्त्र बाहेर निघतें. एवढें अजिंक्य संकट, आणि त्याचा शेवट 'झोप' या एका शब्दानें व्हावा काय? शेवटची धांवपळ थोडी घाईची आहे, आणि त्या झोपेंतून शत्रूचें यान स्वतःच फुटून जावें हा योगायोग जरा सोयीचा आहे, हें मी नाकारीत नाहीं. परंतु तो शब्द आला कोठून, याचा विचार आक्षेपक करीत नाहींत. बोर्गांचें सामर्थ्य एकाच गोष्टींत आहे : सर्व मनें एकमेकांस जोडलेलीं. ज्या दारानें पिकार्डचें ज्ञान आंतून बाहेर नेलें, तें दार उलटही उघडतें, हें पूर्वार्धाच्या मूळ कल्पनेंतच गृहीत आहे. डेटा त्या दारानें शिरतो. पण शस्त्रांच्या व शक्तीच्या आज्ञांवर कडक पहारा असतो. राजवाड्याच्या महाद्वारावर चौकी असते, मोरीच्या वाटेवर नसते; विश्रांतीची आज्ञा क्षुल्लक म्हणून मोकळी राहिलेली. आणि ही वाट दाखवितो कोण? यंत्रांखालीं गाडला गेलेला पिकार्ड स्वतः. आधीं त्याचा हात हलतो, मग तो एक शब्द येतो. ज्या समूहांत 'मी' नाहीं, त्याचा पराभव एका 'मी'च्या क्षीण उच्चारानें होतो. पूर्वार्धानें विचारलेला प्रश्न 'यान कसें फोडावें?' हा नव्हताच. माणसाचें मीपण पुसून टाकतां येतें काय, हा होता. त्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर कोणतें देणार? ज्यांना केवळ यंत्राची युक्ति हवी होती त्यांना उत्तर तोकडें वाटलें, यांत दोष प्रश्न न ऐकणाऱ्यांचा आहे.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. पूर्वार्ध लिहितांना पुढें काय करावयाचें हें पिलरला स्वतःलाच ठाऊक नव्हतें. पुढच्या वर्षीं आपण या मालेवर राहणार कीं नाहीं, हेंही त्याचें ठरलेलें नव्हतें. ही गोष्ट त्यानें पुढें स्वतः सांगितली आहे. मग हें फेडण्याची ऐपत नसतां काढलेलें कर्ज नव्हे काय? एक रीत म्हणून मी तिचें समर्थन करणार नाहीं. शेवट ठाऊक नसतां आरंभ करणाऱ्या शंभरांपैकीं बहुतेक बुडतात, आणि त्यांच्याबरोबर प्रेक्षकांचें मुद्दलही बुडतें. आज वर्षानुवर्षें लांबविल्या जाणाऱ्या आणि प्रेक्षक घटतांच अर्ध्यावर सोडून दिल्या जाणाऱ्या मालांची जी रांग लागली आहे, ती याच रीतीची संतति. परंतु पिलर तरला, आणि कां तरला हें पाहण्यासारखें आहे. राहावें कीं जावें हा रायकरचा पेंच आपलाच होता, असेंही त्यानें सांगितलें आहे. त्याला युक्ति ठाऊक नव्हती. प्रश्न मात्र पक्का ठाऊक होता. बाणाच्या पुत्रालाही बापाची लेखणी मिळाली नव्हती, पण कथा कोणत्या दिशेनें चालली आहे हें त्यानें ओळखलें होतें. प्रश्नाशीं इमान राखलें तर उत्तर उशिरां सुचलें तरी चालतें. प्रश्नच ठाऊक नसेल तर आधीं ठरविलेला शेवटही लटकाच पडतो.

तुलनेसाठीं दुसरें उदाहरण घ्या. 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश माला १९६३ मध्यें सुरू झाली. तिच्यांतील 'द स्टोलन अर्थ' ही कथा २८ जून २००८ रोजीं, आणि तिचा उत्तरार्ध 'जर्नीज एन्ड' ५ जुलै २००८ रोजीं दाखविण्यांत आला. लेखक रसेल टी. डेव्हिस. मरणोन्मुख झालेला डॉक्टर नवा देह धारण करतो, म्हणजेच त्या भूमिकेंतील नट बदलतो, असा या मालेचा नियम आहे. पूर्वार्धाच्या अखेरीस शत्रूचा किरण लागून डॉक्टर कोसळतो, त्याच्या अंगांतून तेज फुटूं लागतें, आणि पडदा पडतो. डेव्हिड टेनंट आतां जाणार कीं काय, या चिंतेंत प्रेक्षकांनीं आठवडा काढला. उत्तरार्ध उघडतांच डॉक्टर तें तेज बरणींत जपून ठेवलेल्या आपल्याच तुटलेल्या हातांत सोडून देतो, आणि पूर्ववत् उभा राहतो. हात तुटल्याचा प्रसंग २००५ च्या नाताळच्या कथेंतच दाखविलेला होता; तेव्हां बीज पेरलेलें नव्हतें असें कोणी म्हणूं नये. दुसरी अट येथें पाळली आहे. मोडली आहे ती पहिली. जो क्षण मृत्यूचा म्हणून आमच्यापुढें मांडला, तो पुढच्या आठवड्यांत गैरसोयीचा म्हणून बाजूला सारला. चांदीचें नाणें घेऊन हुंडी परत केली, आणि तीही दुसऱ्याच्या नांवावर. 'दुसऱ्याच्या नांवावर' असें म्हणण्याचें कारण, किंमत शेवटीं मोजली जाते, पण ती डोनाला मोजावी लागते. त्या हातामुळें डॉक्टरचें मन तिच्यांत उतरतें. मानवी देहाला तें सोसवत नाहीं. आणि तिचा जीव वांचविण्यासाठीं सगळ्या प्रवासाची स्मृति तिच्या मनांतून पुसावी लागते. हा भाग खरोखर करुण आहे, आणि कथा स्मरणांत राहते ती त्याच्यामुळें. परंतु यावरूनच माझा मुद्दा अधिक पक्का होतो : हा उत्तरार्ध जेथें किंमत मोजतो तेथें मोठा होतो, आणि जेथें चुकवितो तेथें लहान.

आतां तिसरी अट, आणि माझ्या मतें या साऱ्या वादाचें मर्म. पिलरच्या उत्तरार्धांत वुल्फ ३५९ या ताऱ्यापाशीं पृथ्वीचें आरमार बोर्गांना अडवावयास जातें आणि नष्ट होतें. हा तारा कल्पित नव्हे. आपल्यापासून सुमारें ८ प्रकाशवर्षांवर तो खरोखरच आहे. लढाई दाखविलेली नाहीं. 'एंटरप्राइझ' तेथें पोंचतें तेव्हां नुसते भग्न सांगाडे तरंगत असतात. पुढच्या एका कथेंत आंकडा येतो : ३९ यानें, सुमारें ११,००० प्राण. हा संहार घडला तो पिकार्डच्या ज्ञानानें, त्याच्या मुखानें. शेवटीं पृथ्वी वांचते, पिकार्ड मूळ देहांत परत येतो, रायकर पुन्हा आपल्या जागीं जातो. येथें सामान्य लेखक आनंदोत्सव करून मोकळा झाला असता. या कथेचें शेवटचें दृश्य असें : पिकार्ड एकटा आपल्या खोलींत, हातांत चहाचा पेला, तो उठून खिडकीशीं जातो, आणि खालीं वांचलेली पृथ्वी दिसत असतां त्याच्या चेहऱ्यावर समाधान नाहीं. लगेच पुढच्या आठवड्यांत 'फॅमिली' ही कथा आली. लेखक रोनाल्ड मूर. तींत एकही शत्रु नाहीं. पिकार्ड फ्रान्समधील आपल्या गांवीं, थोरल्या भावाच्या द्राक्षमळ्यांत जातो. दोघे चिखलांत झोंबतात. आणि त्या चिखलांत बसून हा धीरगंभीर माणूस रडतो, कीं मला त्यांना अडवितां आलें नाहीं. पुढें जानेवारी १९९३ मध्यें निघालेल्या 'डीप स्पेस नाइन' या मालेचा आरंभच वुल्फ ३५९ च्या लढाईनें होतो. तींत पत्नी गमावलेला सिस्को तीन वर्षांनीं पिकार्डपुढें उभा राहतो तेव्हां त्याच्या डोळ्यांत क्षमा नसते. त्या कथेच्या लेखनांतही पिलरच होता. एका उत्तरार्धाचें व्याज हे लोक अशा रीतीनें वर्षानुवर्षें भरीत राहिले.

हा प्रश्न केवळ दूरचित्रवाणीचा असता तर मी इतकी शाई खर्च केली नसती. पूर्वार्धावर लुब्ध होऊन उत्तरार्धाला पाठ दाखविणें ही आपल्या सार्वजनिक जीवनाचीच संवय झाली आहे. पूर आला, आग लागली, दंगल उसळली, कीं सारा समाज श्वास रोखून पाहतो. पाणी ओसरलें, आग विझली, कीं कथा संपली असें मानून उठतो. वाहून गेलेलें घर पुन्हा उभें राहिलें काय, साक्षीदार कोर्टांत टिकले काय, जो वांचला त्याला रात्रीं झोंप लागते काय, हा सगळा उत्तरार्ध; आणि तो पाहावयास कोणी थांबत नाहीं. जो समाज कथेंतील किंमत मोजली गेली काय हें विचारावयास शिकत नाहीं, तो जगांतील किंमत कोणी मोजली हें तरी कोठून विचारणार? चिखलांत बसलेल्या पिकार्डला पाहून "आतां यांत काय राहिलें?" असें म्हणणारा प्रेक्षक उद्यां आपल्या शेजाऱ्याविषयींही तेंच म्हणेल.

म्हणून घरांतील मुलें दिवाणखान्यांत बसून असली एखादी कथा पाहत असतील तर त्यांच्यावर डोळे वटारूं नका, आणि "सगळें खोटेंच तर आहे" असेंही सांगूं नका. तीं "पुढें काय होणार?" असें विचारतील तेव्हां त्यांच्याबरोबर वाट पाहा, आणि पुढचा भाग संपल्यावर त्यांना तीन प्रश्न विचारावयास शिकवा. मागच्या वेळीं घडलेलें खरें मानलें काय? सुटका कथेंतूनच आली काय? आणि किंमत कोणी मोजली? या प्रश्नांना जीं मुलें सरावतील तीं मोठेपणीं उसन्या भीतीवर व्यापार करणाऱ्या लेखकाला सहज ओळखतील, आणि तसल्या पुढाऱ्यालाही.